दूरमापन तंत्रज्ञ : कार्य, कौशल्य आणि आकड्याची विश्वसनीयता
(उंब्रज व कृष्णाकाठच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील उंब्रज हे गाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर, तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळी या धरणांतून सोडलेले पाणी या परिसरात कृष्णेच्या एकाच पात्रात एकत्र येते. पुढे कराड येथे कोयना कृष्णेस मिळते आणि हा सारा प्रवाह बहे, ताकारी, भिलवडी या मार्गाने सांगलीच्या आयर्विन पुलाखाली जाऊन पोहोचतो. त्यामुळे पावसाळ्याच्या चार महिन्यांत धरणाचा विसर्ग, नदीची पातळी आणि घाटमाथ्यावरील पाऊस हे या भागातील माणसाच्या नित्य बोलण्याचे विषय असतात. 'नवजाला किती पडला?', 'कोयनेत किती टीएमसी झाले?', 'आयर्विनला किती फूट?' हे प्रश्न चावडीवर, एस. टी. स्थानकावर आणि महाविद्यालयाच्या अध्यापक कक्षातही सारख्याच आस्थेने विचारले जातात.

या प्रश्नांची उत्तरे आता भ्रमणध्वनीवर काही मिनिटांत मिळतात. परंतु हा आकडा कोठे जन्मास आला, कोणत्या उपकरणाने तो टिपला, कोणत्या मार्गाने तो आला आणि तो खरा आहे याची हमी कोणी घेतली, याचा विचार सहसा केला जात नाही. पूल, धरण, घाट आणि पठार अशा दूरच्या जागी बसविलेल्या मापन उपकरणांची उभारणी, तपासणी, अंशशोधन आणि दुरुस्ती करणारा जो कुशल कर्मचारी असतो, त्यास प्रस्तुत लेखात 'दूरमापन तंत्रज्ञ' असे म्हटले आहे. पूरनियंत्रण, सिंचन, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांविषयीचे निर्णय ज्या आकड्यांवर आधारलेले असतात, त्या आकड्यांचा हा पहिला राखणदार होय. असे असूनही त्याच्या कामाची ओळख आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच करून दिली जाते.

उद्दिष्टे :

१. दूरमापनाची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२. दूरमापन तंत्रज्ञाच्या कामाचे स्वरूप व त्यासाठी आवश्यक कौशल्ये यांचा परिचय करून देणे.
३. मापनातील लहान चुकीचे सामाजिक व आर्थिक परिणाम उदाहरणांसह दाखविणे.
४. या क्षेत्राच्या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका सुचविणे.

१. दूरमापन : अर्थ व पार्श्वभूमी

एखादी राशी जेथे घडते तेथेच मोजून तिचे मूल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचविणे म्हणजे दूरमापन होय. यात चार टप्पे असतात. संवेदक राशी टिपतो, डेटा लॉगर ती वेळेसह नोंदवितो, संदेशवहन यंत्रणा ती पाठविते आणि मध्यवर्ती केंद्रात तिची छाननी होऊन ती वापरात येते. या चारही टप्प्यांत चूक शिरू शकते. तथापि पहिल्या टप्प्यात शिरलेली चूक पुढील तिन्ही टप्पे निमूटपणे वाहून नेतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कृष्णा खोऱ्यात पाणी मोजण्याची परंपरा जुनी आहे. पुलाच्या खांबावर रंगविलेली फुटांची मापनपट्टी आणि ती वाचणारा गेज रीडर हे तिचे मूळ रूप होय. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये बांधून पूर्ण झाला. त्यावरील मापनपट्टीनुसार ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. केंद्रीय जल आयोगाची कराड, अर्जुनवाड व कुरुंदवाड येथील जलमापन केंद्रेही या खोऱ्याच्या अभ्यासास परिचित आहेत. पावसाच्या बाबतीत सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजून मागील २४ तासांचा पाऊस नोंदविण्याची भारतीय हवामान विभागाची प्रथा सर्वज्ञात आहे.

हाताने केलेल्या या मापनास एक मोठी मर्यादा होती. दिवसातून एकदा किंवा काही ठरावीक तासांनी केलेले वाचन पुराच्या गतीला पुरे पडत नाही. शिवाय ज्या रात्री वाचनाची सर्वाधिक गरज असते, त्याच रात्री माणसाला नदीपर्यंत पोहोचणे अशक्य होते. २००५ च्या महापुराने ही उणीव तीव्रतेने जाणवून दिली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६ ते २०१४) महाराष्ट्रातील कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी तत्काळ माहिती संकलन आणि पूर अनुमान यांची यंत्रणा उभी करण्यात आली. २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाने हेच कार्य देशपातळीवर पुढे नेले. कृषी क्षेत्रात 'महावेध' प्रकल्पाद्वारे राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. परिणामी गेल्या दोन दशकांत नदीकाठावर आणि शिवारात सौरपट्टी, खांब व छोटी पेटी अशी केंद्रे ठिकठिकाणी दिसू लागली.

२. दूरमापन केंद्राची रचना

तंत्रज्ञाचे काम समजून घेण्यासाठी केंद्रातील प्रमुख घटकांची ओळख आवश्यक आहे.

अ) पर्जन्यमापक : स्वयंचलित केंद्रांत बहुधा टिपिंग बकेट प्रकारचा पर्जन्यमापक असतो. नरसाळ्यातून येणारे पाणी तराजूसारख्या जोडलेल्या दोन छोट्या खापांपैकी एकीत साठते. ठरावीक पाणी साठताच ती खाप कलंडते, रिकामी होते आणि दुसरी तिची जागा घेते. प्रत्येक कलंडण्यासरशी चुंबकामुळे रीड स्विच क्षणभर मिटतो आणि लॉगर एक ठोका मोजतो. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी होते. एक ठोका अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर खापेत १० मिलिलिटर पाणी साठताच ती कलंडली पाहिजे. २२ व २३ जुलै २०२१ दरम्यान २४ तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढा पाऊस अर्ध्या मिलिमीटरच्या उपकरणाने मोजावयाचा झाल्यास त्यास एका दिवसात सुमारे ११८८ ठोके द्यावे लागतील.

आ) जलपातळी संवेदक : पुलाच्या कठड्यापासून पुढे काढलेल्या लोखंडी बाहूवर रडार संवेदक बसविलेला असतो. तो पाण्याकडे सूक्ष्म तरंग सोडतो व परतलेल्या तरंगास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. संवेदकाच्या ज्ञात उंचीतून हे अंतर वजा केले की पाण्याची पातळी मिळते. समजा, संवेदक समुद्रसपाटीपासून ५८२.४० मीटरवर आहे आणि मोजलेले अंतर ११.८५ मीटर आहे, तर पाण्याची पातळी ५७०.५५ मीटर होय. हे गणित शाळेतील वजाबाकीइतके सोपे असले, तरी त्यामागील मापन विलक्षण नाजूक आहे. पातळीतील एका सेंटिमीटरच्या फरकाने तरंगाच्या येण्याजाण्याच्या वेळेत केवळ ६७ पिकोसेकंदांचा फरक पडतो. पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग होय. तसेच रडारचा झोत शंकूच्या आकाराने पसरतो. झोताचा कोन १० अंश असल्यास १२ मीटर खाली त्याचे वर्तुळ सुमारे २.१ मीटर व्यासाचे होते. या वर्तुळात पुलाचा खांब, अडकलेले झाड वा लोंबणारी वेल आल्यास उपकरण पाण्याऐवजी तिचेच अंतर सांगू लागते.

इ) वीजपुरवठा : बहुतेक केंद्रे सौरपट्टी व १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. केंद्र सरासरी ५० मिलिअँपियर प्रवाह घेत असल्यास दिवसाला १.२ अँपियर-तास खर्च होतात. ४२ अँपियर-तासांच्या बॅटरीचा निम्मा भागच सुरक्षितपणे वापरावयाचा असे ठरविले, तर ऊन नसतानाही केंद्र सुमारे १७ दिवस चालेल. जुलै-ऑगस्टमधील सह्याद्रीचे आकाश पाहता ही तरतूद चैनीची म्हणता येणार नाही. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता निम्म्यावर आली, की केंद्र नेमके सर्वाधिक पावसाच्या आठवड्यात बंद पडण्याचा संभव निर्माण होतो.

ई) संदेशवहन : माहिती पाठविण्यासाठी मोबाइल जाळे, व्हीसॅट किंवा इन्सॅट मालिकेतील उपग्रह यांचा उपयोग केला जातो. मोबाइल जाळे स्वस्त असले तरी अतिवृष्टीत मनोऱ्याची वीज गेल्यास ते खंडित होते. उपग्रहामार्फत पाठविताना प्रत्येक केंद्रास ठरावीक वेळ वाटून दिलेली असते. लॉगरचे घड्याळ चुकले तर एका केंद्राचा संदेश दुसऱ्याच्या वेळेत घुसून दोन्ही निकामी होतात. संदेश पोहोचला नाही तरी लॉगरच्या स्मृतीत नोंद शिल्लक राहते आणि नंतर मिळविता येते. म्हणजे उशिरा मिळालेली माहिती आणि कायमची गमावलेली माहिती यांत भेद केला पाहिजे. पहिली पूर अनुमानासाठी निरुपयोगी ठरली तरी अभ्यासासाठी मोलाची असते.

३. तंत्रज्ञाच्या कामाचे स्वरूप

दूरमापन तंत्रज्ञाचे वर्ष पावसाळ्याभोवती फिरते. एप्रिल-मे महिन्यांत सर्व केंद्रांची पूर्वतपासणी, जून ते ऑक्टोबर या काळात बिघाडांचा पाठपुरावा, आणि त्यानंतर दुरुस्ती, बदल व पातळ्यांची फेरमोजणी असा सर्वसाधारण क्रम असतो.

पर्जन्यमापकाच्या तपासणीत जाळी व नरसाळ्यातील पाने, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा काढणे हे पहिले काम. उन्हाळ्यात कुंभारमाशी नरसाळ्याच्या नळीत मातीचे घर करते, तर कोळी खापेभोवती जाळे विणतो. खाप अडविण्यास एवढे पुरेसे असते. त्यानंतर उपकरण समतल आहे की नाही ते पाहून अंशशोधन, म्हणजे बोलीत 'कॅलिब्रेशन', केले जाते. काटेकोर मोजलेले ५०० मिलिलिटर पाणी बारीक तोंडाच्या बाटलीतून सुमारे अर्ध्या तासात सोडले जाते. वर दिलेल्या उपकरणात ५० ठोके यावयास हवेत. ४६च आले तर उपकरण आठ टक्के कमी पाऊस दाखवीत आहे, असा निष्कर्ष निघतो आणि खापेखालील स्क्रू फिरवून दुरुस्ती केली जाते. पाणी भराभर ओतून हे काम पाच मिनिटांत उरकण्याचा मोह होऊ शकतो. परंतु खाप कलंडत असतानाही वरून पाणी पडतच राहत असल्याने वेगवान धारेत ठोके कमीच येतात. मुसळधार पावसात हे उपकरण थोडे कमी मोजते, त्याचेही कारण हेच होय.

उपकरणाइतकीच जागाही तपासावी लागते. आजूबाजूच्या वस्तूची उंची पर्जन्यमापकाच्या तोंडापेक्षा जितकी अधिक असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ती असावी असा संकेत आहे. उंब्रज परिसर उसाचा. जानेवारीत मोकळ्या दिसणाऱ्या जागेच्या बांधाला पुढील पावसाळ्यात तीन मीटर उंचीचा ऊस उभा असतो आणि वाऱ्याने तिरका येणारा पाऊस तो अडवितो. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर असेल, तर असा ऊस साडेपाच मीटरच्या आत असता कामा नये. अशा वेळी शेतकऱ्याशी सौजन्याने बोलून दोन सऱ्या मोकळ्या ठेवावयास सांगणे हाही तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग ठरतो. हे काम कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते.

नदीवरील केंद्रात रडारने दिलेली पातळी आणि पुलावरील मापनपट्टीवर डोळ्यांनी वाचलेली पातळी यांची तुलना केली जाते. दोहोंत फरक आढळल्यास जवळच्या तलचिन्हापासून लेव्हल यंत्राने संवेदकाची उंची पुन्हा काढावी लागते. बाहू वाकला आहे का, नट सैल झाले आहेत का, मागील पुरात ओंडका आदळला आहे का, हे पाहिले जाते. पुलाखाली आग्या मोहोळ असते, कठड्याबाहेर वाकून काम करावे लागते आणि पाठीमागून उसाच्या ट्रॉल्या व मालमोटारी जात असतात. सुरक्षा पट्टा आणि सोबतीस दुसरा माणूस यांची आवश्यकता येथे प्रकर्षाने जाणवते. पावसाळ्यापूर्वी सौरपट्टी व बॅटरी चोरीस जाणे, तारा कुरतडल्या जाणे, विजेच्या लोळाने लॉगर जळणे हे बिघाडही नित्याचेच आहेत.

या साऱ्या कामात एक नियम सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. तो म्हणजे उपकरणास हात लावण्यापूर्वीचे वाचन नोंदविणे. जाळी तुंबलेली होती, संवेदक चार सेंटिमीटर अधिक दाखवीत होता किंवा अंशशोधनात ४६ ठोके आले, ही स्थिती दुरुस्तीपूर्वी वेळेसह लिहून ठेवली, तर मागील काही आठवड्यांची माहिती दुरुस्त करता येते. आधी साफसफाई करून नंतर 'केंद्र सुस्थितीत' असा शेरा मारला, तर चालू आकडा बरोबर येतो. मागील आकड्यांतील चूक मात्र कायमची गाडली जाते. म्हणून भेटीची नोंदवही ही दूरमापनातील दुय्यम बाब नसून मापनाचाच अविभाज्य घटक होय.

४. न आलेला आकडा आणि चुकीचा आकडा

मापनपट्टी वाचणारा माणूस आजारी पडला तर नोंदवहीतील रकाना कोरा राहतो आणि कोरा रकाना पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो. स्वयंचलित केंद्राचे तसे नाही. नरसाळे तुंबलेला पर्जन्यमापक दर पंधरा मिनिटांनी इमानाने 'शून्य' असा संदेश पाठवीत राहतो. कोरड्या दिवसाचे शून्य आणि तुंबलेल्या उपकरणाचे शून्य पडद्यावर सारखेच दिसतात. न आलेला आकडा कळतो. चुकीचा आकडा कळत नाही. दूरमापनातील खरा धोका येथे आहे आणि तंत्रज्ञाचे महत्त्वही येथेच स्पष्ट होते. पुढील तीन उदाहरणांवरून या धोक्याची व्याप्ती लक्षात येईल. त्यांतील काही आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत.

पहिले उदाहरण नुकसानभरपाईचे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजण्याचा शासकीय निकष आहे. समजा, एखाद्या मंडळात प्रत्यक्षात ६८ मिलिमीटर पाऊस झाला. परंतु तेथील उपकरण आठ टक्के कमी मोजते. अशा वेळी नोंद सुमारे ६२.५ मिलिमीटर होईल. शेतात पाणी उभे असूनही त्या दिवशी त्या मंडळात अतिवृष्टी झालीच नाही, असे कागदोपत्री सिद्ध होईल. अंशशोधनातील चार ठोक्यांचा फरक येथे अनेक गावांतील शेतकऱ्यांच्या हक्कापर्यंत जाऊन पोहोचतो.

दुसरे उदाहरण धरणाचे. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी असून त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. या संपूर्ण क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सर्व जलाशयात आला असे मानले, तर सुमारे ८९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३.१५ टीएमसी पाणी येईल. पाऊस दहा टक्के कमी मोजला गेला, तर अंदाजात ०.३१ टीएमसीहून अधिक तूट येते. दिवसभराच्या सरासरीने ही तूट सुमारे ३,६०० क्युसेक भरते. प्रत्यक्षात काही पाणी मुरते व सर्व पर्जन्यमापक एकाच दिशेने चुकत नाहीत, हे खरे. तथापि धरण भरत आलेले असताना दरवाजे केव्हा व किती उचलावयाचे हे ठरविणाऱ्या अभियंत्यास असा फरक उपेक्षणीय वाटणार नाही.

तिसरे उदाहरण नदीचे. पात्राची रुंदी २०० मीटर व पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असताना पातळीत केवळ ५ सेंटिमीटरची चूक झाली, तर विसर्गात सेकंदाला २० घनमीटरची, म्हणजे सुमारे ७०० क्युसेकची चूक होते. पातळीवरून विसर्ग काढण्यासाठी वापरला जाणारा पातळी-विसर्ग वक्रही दरवर्षी तपासावा लागतो. कारण पुरानंतर पात्रात वाळू व गाळ हलतो आणि जुना वक्र नव्या पात्रास लागू पडत नाही. त्यासाठी करंट मीटरने ठिकठिकाणी वेग मोजून विसर्ग प्रत्यक्ष काढणे अपरिहार्य ठरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळील पातळी ५७ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा आपत्तींनंतर कोणी केव्हा किती पाणी सोडले याची चर्चा होते आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पातळीवरून दोन राज्यांत वादही झडतात. हे वाद शेवटी आकड्यांच्या आधारेच तपासावे लागतात. जो आकडा दोन्ही बाजूंस मान्य होतो, त्याच्यामागे व्यवस्थित ठेवलेली नोंदवही, तपासलेले तलचिन्ह आणि केलेले अंशशोधन असते.

मध्यवर्ती केंद्रात संगणकीय छाननी असतेच. मूल्य शक्य मर्यादेत आहे काय, ते अकस्मात उडी घेते काय, शेजारच्या केंद्रांशी ते जुळते काय, अशा कसोट्या लावल्या जातात. सभोवतालची केंद्रे ८० मिलिमीटर दाखवीत असताना मधलेच एक शून्य दाखवीत असेल, तर संशय येतो. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. पाटण आणि उंब्रज यांतील पावसाचा फरक चूक आहे की निसर्ग, हे केवळ पडद्यावर पाहून सांगता येत नाही. संगणक शंका उपस्थित करतो; तिचे निरसन करण्यासाठी कोणास तरी केंद्रापर्यंत जावेच लागते.

५. कौशल्ये, संधी व सेवास्थिती

वरील विवेचनावरून दूरमापन तंत्रज्ञास कोणत्या कौशल्यांची गरज असते हे स्पष्ट होते. विद्युत मंडलांचे व मल्टिमीटरच्या वापराचे ज्ञान, लॉगरची मांडणी करण्यापुरते संगणकज्ञान, सर्वेक्षणातील लेव्हल यंत्राचा सराव, जलविज्ञान व हवामानशास्त्राची मूलतत्त्वे आणि नेटकी नोंद ठेवण्याची सवय ही त्याची शिदोरी होय. याखेरीज दुचाकीवरून घाट चढण्याची तयारी आणि गावकऱ्यांशी विश्वासाचे नाते जोडण्याची हातोटी हवी. ज्या गावाला केंद्र आपले वाटते, त्या गावात सौरपट्टी सहसा चोरीस जात नाही.

उंब्रजच्या परिसरात या कौशल्यांना विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागात भूकंपमापनाचे सातत्याने कार्य चालले असून कराडजवळ हजारमाची येथे बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही संस्था आहे. महाबळेश्वर येथे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. वनकुसवडे व चाळकेवाडी या पठारांवरील पवनचक्क्यांचे कामही वाऱ्याच्या वेगाच्या दूरमापनावाचून चालू शकत नाही. राशी बदलते, संवेदक बदलतो. कामाची शिस्त मात्र तीच राहते.

या कामाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. दूरमापन यंत्रणांची देखभाल बहुधा उपकरण पुरविणाऱ्या संस्थेकडे काही वर्षांच्या कराराने सोपविलेली असते आणि तंत्रज्ञ हा त्या संस्थेचा कंत्राटी कर्मचारी असतो. करार संपला की तो माणूस जातो आणि त्याच्यासोबत केंद्रांविषयीचे त्याचे ज्ञानही जाते. कोणत्या पुलावरील बाहू उन्हाने किती झुकतो, कोणत्या केंद्राजवळ दरवर्षी पाणी साचते, ही माहिती कोणत्याही संगणकात नसते. उपकरणांच्या खरेदीस निधी सहज मिळतो. देखभालीस आणि देखभाल करणाऱ्या माणसास तो मिळविणे कठीण जाते. माहितीचा दर्जा राखावयाचा असेल, तर या विषमतेचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

६. महाविद्यालयांची भूमिका

आपल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, भूगोल, संख्याशास्त्र आणि वाणिज्य हे विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांपासून दूर असतात. दूरमापन हा त्यांना जोडणारा विषय होऊ शकतो. त्यासाठी पुढील उपक्रम सुचवावेसे वाटतात.

अ) महाविद्यालयाच्या आवारात साधा पर्जन्यमापक आणि टिपिंग बकेट पर्जन्यमापक शेजारी शेजारी बसवून दररोज सकाळी साडेआठ वाजता दोहोंची नोंद ठेवावी. दोन आकड्यांतील फरकाचे कारण शोधणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम संशोधन प्रकल्प ठरेल.

आ) संबंधित विभागांच्या परवानगीने विद्यार्थ्यांची जवळच्या दूरमापन केंद्रास पावसाळ्यापूर्वी भेट आयोजित करून अंशशोधनाचे प्रात्यक्षिक दाखवावे.

इ) भूगोल व संख्याशास्त्र विभागांनी परिसरातील महसूल मंडळांच्या प्रकाशित पर्जन्य नोंदींची तुलना करून संशयास्पद शून्ये व अवास्तव मूल्ये ओळखण्याचा सराव द्यावा.

ई) मापनाची नोंदवही कशी लिहावी, या एका विषयास प्रात्यक्षिकात स्वतंत्र गुण असावेत. अपेक्षित उत्तर येण्यासाठी वाचने 'जुळवून' लिहिण्याची सवय प्रयोगशाळेतच लागते आणि तीच पुढे नदीकाठापर्यंत जाते, हे आपण अध्यापकांनी मान्य करावयास हवे.

निष्कर्ष :

१. दूरमापनामुळे माहितीचा वेग वाढला आहे. परंतु तिची सत्यता आजही केंद्रावर जाऊन केलेल्या तपासणीवर अवलंबून आहे.
२. बंद पडलेल्या उपकरणापेक्षा चालू स्थितीत चुकीचे मापन करणारे उपकरण अधिक घातक असते; कारण त्याची चूक पडद्यावर दिसत नाही.
३. मापनातील अल्प चुकीचा परिणाम नुकसानभरपाई, धरण परिचालन व पूर अनुमान या तिन्ही क्षेत्रांत होतो. म्हणून अंशशोधन व हात लावण्यापूर्वीचे वाचन नोंदविणे यांस तांत्रिक तसेच नैतिक मूल्य आहे.
४. दूरमापन तंत्रज्ञाच्या कामात सातत्य राहावे यासाठी देखभालीची तरतूद आणि अनुभवी मनुष्यबळ टिकविण्याची व्यवस्था आवश्यक आहे.
५. ग्रामीण महाविद्यालये अल्प खर्चात या क्षेत्रासाठी प्रशिक्षित व प्रामाणिक मनुष्यबळ घडवू शकतात.

पुढील पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी आपण भ्रमणध्वनीवर पाहू, तेव्हा त्या आकड्यामागे एप्रिलच्या उन्हात कोणी तरी पुलाच्या कठड्यावरून वाकून एक नट घट्ट केलेला असेल. तो केला होता की नाही, हे आकडा पाहून कळत नाही. ते भेटीच्या नोंदवहीतच वाचावे लागते.